केराबाईचा लाल खडू

चिंचोळी एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात केराबाईचं टेबल खिडकीपाशी होतं, आणि तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही टॉवेल खोक्यात पडत नसे. एकोणीस वर्षं बाईनं हेच केलं. टॉवेल पसरायचा, दोन्ही तळवे फिरवायचे, उजेडाला धरायचा, आणि कुठं धागा सुटलेला किंवा तेलाचा ठिपका दिसला की लाल खडूनं त्याच्याभोवती गोल काढायचा. गोल पडला की माल मागं. मग तो परदेशी जाणारा असो, नाहीतर मालकाच्या व्याह्यांसाठी काढलेला असो. दसऱ्याला बाकीचे मशिनला हार घालायचे आणि ही खडूच्या डबीला हळदकुंकू लावायची. कुणी हसलं तर म्हणायची, "हसा की! तुमची मशीन चुकती, माझा खडू न्हाय चुकत."

बरं, ही खोड टेबलापुरती राहिली असती तर गोष्ट वेगळी. बाई लग्नात जेवायला बसली तरी आधी टेबलावरच्या कापडाची कड बघणार! सून पूनम चिडवायची, "आत्या, मला पसंत करतानाबी उजेडाला धरलं होतं का?"

"धरलं हुतं की. एक डाग निघाला. लई बोलती."

आणि बोलण्यावरूनच सगळं झालं, तेही सासूच्या.

केराबाई माहेरी मंद्रूपला गेली होती. आठवडी बाजारात कापड विकणाऱ्या तिप्पण्णाच्या पालात तिच्याच कंपनीचे टॉवेल मांडलेले. आता हिचे हात गप्प बसतात होय! एक उचलला, पसरला, तळवे फिरवले. भोवती बायका जमल्या. त्यातल्या चंद्रव्वानं विचारलं, "अक्का, तू तितंच कामाला हाय म्हणं. माझ्या लेकीला लावू का तितं? खरं सांग."

खरं सांग, असं केराबाईला सांगावं लागतं का? पण एका आईनं विचारलं होतं. बाईनं टॉवेलची घडी घातली आणि बोलली.

"टॉवेल एक नंबर. मालक बी माणूस चांगला. पर बायकांच्या संडासाला कुलूप हाय. वरीस झालं. किल्ली सुपरवायझरच्या खिशात. अडचणीच्या दिवसांत बी परक्या गड्यापुढं हात पसरून किल्ली मागायची. म्हणून आमी दिवसभर पाणीच पीत न्हाय. ते कुलूप निघंपातुर लेकीला धाडू नगं."

तिप्पण्णानं टॉवेल विकायला मोबाईल बांबूला बांधून व्हिडिओ थेट चालू ठेवला होता, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिनं बस पकडायच्या आत तो व्हिडिओ सोलापुरात पोचला होता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिच्या टेबलावर टॉवेलच आले नाहीत. रिकाम्या टेबलापुढं दुपारपर्यंत बसायचं म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक. नोकरी गेली तर पन्नाशीच्या बाईला दुसरीकडं कोण उभं करणार? आणि घरात बसून हे हात करणार काय? जेवणाच्या सुट्टीत बायका लांब बसल्या. वाईट वाटलं, पण तिला राग नाही आला. त्यांनाही पोरंबाळं होती. फक्त शेजारच्या टेबलावरची अक्कम्मा हात धुवायला म्हणून जवळून गेली आणि न बोलता तिच्या कडक भाकरीवर शेंगाचटणी ठेवून गेली. तेवढ्यानं केराबाईचे डोळे भरले.

मग बोलावणं आलं. केबिनमध्ये म्हातारे मालक शिवलिंगप्पा बसले होते, शेजारी मॅनेजर नंदीश. नंदीशनं टाइप केलेला कागद पुढं सरकवला. "मावशी, माफीनामा आहे. सही करा, विषय संपला. नाही केली तर उद्यापासून येऊ नका."

शिकलेली चौथी. पण कागद समोर आला की तो तपासायचा, एवढं तिला कळत होतं. तिनं तो टेबलावर पसरला, तळव्यानं सारखा केला आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागली.

"मी एकोणीस वर्षे कंपनीत आहे. बराबर. मोबाईल चालू आहे हे मला माहीत नव्हते. हे बी खरं." पुढच्या ओळीवर बोट थांबलं. 'मी बोलले ते खोटे आहे.' बाईनं कमरेच्या पिशवीतली डबी काढली आणि त्या ओळीभोवती गोल काढला.

"अहो मावशी! काय करताय?"

"कुणाच्या सांगण्यावरून बोलले. न्हाय." दुसरा गोल. "यापुढे कंपनीविषयी बाहेर बोलणार नाही. आगं बया, हितं तर अख्खी कडच वाकडी!" तिसरा गोल.

शिवलिंगप्पा पहिल्यांदा बोलले. "घरातली गोष्ट घरात सांगायची, केराबाई. चव्हाट्यावर कशाला?"

"घरात चारदा सांगितली, मालक. दोनदा सुपरवायझरला, दोनदा ह्या सायबास्नी."

"माझ्याकडं का नाही आलीस?"

"तुमच्या दाराला बी आतनं कडी असती."

मालकांनी नंदीशकडं पाहिलं. नंदीश छताच्या पंख्याकडं बघत बसला.

"आनि मालक, आजून एक डाग हाय. माझा. मी वरीस म्हणाले. कुलूप संक्रांतीनंतर बसलं, आठच महिनं झाले. तेवढं माझं चुकलं. त्याची माफी लिवा, आत्ता सही करते."

म्हाताऱ्यानं कागद जवळ ओढून ते तीन लाल गोल पाहिले. या बाईनं गोल काढलेला माल त्यानं एकोणीस वर्षांत एकदाही पुढं धाडला नव्हता. त्याचं नाव बाजारात त्यावरच तर टिकलं होतं. त्यानं कागदाची घडी घालून खिशात टाकली आणि तो उठला. "नंदीश, सुपरवायझरला बोलव. किल्ली नको, कुलूपच काढून आण. आणि बाईचं टेबल भर, खोळंबलंय सगळं."

केराबाई टेबलापाशी आली आणि अक्कम्माच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरीसारखी रडली. मग डोळे पुसून पहिला टॉवेल ओढला.

पुढच्या बाजारी ती मुद्दाम मंद्रूपला गेली. तिप्पण्णा हात जोडून म्हणाला, "अक्का, आज मोबाईल बंद ठेवतो." "आरं चालू कर!" म्हणत बाई पदर नीट करून बांबूपुढं उभी राहिली. "मागल्या बाजारी मी वरीस म्हणाले. ते चुकीचं. आठ महिनं. अन् आता कुलूप काढलंय."

चंद्रव्वा गर्दीतच होती. "मग धाडू का लेकीला?"

"धाड की. माझ्या शेजारी बसवीन." केराबाईनं पिशवीतून नवा कोरा लाल खडू काढला आणि तिच्या हातात ठेवला. "हे दे तिला. अन् सांग, भ्यायचं न्हाय."