ताईंच्या खांद्याकडे पाहताना

नागपूरच्या आमच्या ऑर्केस्ट्रात मला शेवटची संधी मिळाली होती. घाबरले की माझ्या गिटारची लय पळत सुटते आणि गायक मागे राहतो. मावसभाऊ नितेश आंधळगावच्या भीमगीतांच्या संचात गिटार वाजवतो. त्याला वाजवताना जवळून पाहायचं ठरवलं आणि रविवारी सकाळीच निघाले.

आंधळगावला जायचं असेल तर भंडाऱ्याहून तुमसरची एसटी धरा आणि मोहाडीला उतरा. बायकांना तिकीट अर्धं. पुढे ऑटो, पण तो भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून भंडाऱ्यालाच तर्री-पोहे खाऊन घ्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्या होत्या. माझं लक्ष मात्र मांडीवरच्या गिटारकडे.

दुपारी विहाराच्या आवारात तालीम सुरू झाली. मी नितेशच्या बोटांवर नजर लावून बसले. तो वैतागला.

"माह्या बोटाईकडं काय पाहून राहिली? मी कोणाकडं पाहतो ते पाह्य ना!"

तो गाणाऱ्या वंदनाताईंकडे पाहत होता. श्वास घेताना त्यांचा खांदा किंचित उचलला जायचा. तेवढ्यापुरता नितेशचा हात थांबायचा.

संध्याकाळी कार्यक्रमाआधी टेम्पोतून स्पीकर उतरवताना नितेशचं बोट चेंगरलं. नख काळंनिळं झालं. त्याला दवाखान्यात नेलं.

"आता गिटार तूच धर," वंदनाताई म्हणाल्या.

"ताई, मला नाही जमणार. मी पळते."

"मंग मी कोणाच्या भरोशावर गाऊ?"

समोर अख्खं गाव, पहिल्या रांगेत मावशी. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्यात ढोलकीवाल्या काकांनी डोळे वटारले. मी पळत होते! मी तारांवरून हातच उचलला. गाणं माझ्याशिवाय पुढे गेलं. तो वेळ संपता संपत नव्हता. मग ताईंचा खांदा हलला आणि मी पुन्हा शिरले.

उतरल्यावर ताई म्हणाल्या, "तू थांबली तवा मले वाटलं, गेली पोरगी."

"गेलेच होते ताई."

"वापस आली ना? बस."

नितेशचं हाड शाबूत निघालं. सकाळी मावशीच्या हातची भाकर खाऊन परतले.

परवा नागपूरचा कार्यक्रम झाला. दोनदा चुकले, दोनदा थांबून सावरले. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी पुढच्या कार्यक्रमाला बोलावलंय. आणि काल नितेशचा फोन आला, "नख गळलं, नवं येईपर्यंत मले वाजवता येत नाही. ताई विचारून राहिल्या, येतेस का?"

हो म्हणाले. फोन ठेवून गिटारच्या तारा जुळवल्या. भीती गेलेली नाही. तिला घेऊनच मोहाडीला उतरणार आहे.