चमचाभर डाळ आणि दोन वाट्या मलिदा

१९९९ साली इस्रायलमध्ये, आमच्या अश्दोद शहरात, एक आहार-पाहणी चालली होती. तिच्यातली मराठी बोलणारी बेने इस्रायल घरं आमच्या वरच्या मजल्यावरच्या डिना पेणकरकडे होती. आदल्या दिवशी कुणी काय काय खाल्लं, ते विचारून लिहायचं. डिना ठाण्याची बी.एस्सी., कामाला चोख. तरी आकडे काही जुळेनात. तिच्या कागदांवर धट्ट्याकट्ट्या बायका दिवसाला आठशे कॅलरींवर जगत होत्या.

तिची वरिष्ठ गालीत म्हणाली, "तुझ्या म्हाताऱ्या एक तर मरायला टेकल्यात, नाही तर तू घरी बसून फॉर्म भरतेस. आठवड्यात सुधारलं नाही, तर तुझी सगळी घरं रद्द."

त्या बायका खोटं बोलत नव्हत्या. माझा मुलगा नदाव तेव्हा सैन्यात होता. फोनवर "जेवलास का?" विचारलं की "केन, इमा", म्हणजे "हो, आई", म्हणून मोकळा. प्रश्नच आळशी असला की उत्तरही तसंच येतं.

डिना तिच्या यादीतल्या हानाकाकींकडे पुन्हा गेली.

"काल काय खाल्लंत, काकी?"

"या वयात काय खाणार गं? दीड चपाती, चमचाभर डाळ."

ओट्यावर मोठं तबक धुऊन उपडं घातलेलं होतं. डिनाने पेन खाली ठेवलं. "काल घरी कोण आलं होतं?"

काकी खुलल्या. "अगं, आमच्या थोरल्या नातवाला, ओफेकला, बंदरावर नोकरी लागली! मलिदा केला. पंधरा माणसं होती."

"तुम्ही किती घेतलात?"

"ते का खाणं? गूळ-खोबऱ्याचे पोहे, एलियाहू हन्नाबीच्या नावाचा प्रसाद. ते कुणी मोजतं?"

"मी मोजते. वाटी आणा."

काकींनी कालच्याइतके पोहे मोजून दाखवले. दोन वाट्या निघाल्या. मग खजूर आठवले, केळं आठवलं, धाकट्या नातवाच्या ताटात उरलेला भातही.

"टाकू का तो? पाप लागेल!"

"आणि म्हणे चमचाभर डाळ!"

"चल, चहाटळ!"

त्यानंतर डिनाने खाण्यापासून सुरुवात केलीच नाही. आधी कोण आलं, मग काय शिजलं, काय उरलं, ते कुणी संपवलं. आणि मापाला त्याच घरातली वाटी. सहा दिवसांत बावीस घरं पुन्हा झाली. आकडे सोळाशेच्या घरात गेले.

गालीतचा विश्वास बसेना. ती स्वतः तीन घरी येऊन बसली, वाट्या काट्यावर ठेवून पाहिल्या. मग बावीसच्या बावीस फॉर्मवर तिने सही केली.

"रविवारी नेतिवोतला जा, तिथली घरं मोरोक्कोहून आलेल्यांची आहेत. तिथल्या मुलींना शिकव."

"तिथे मलिदा करत नाहीत," डिना म्हणाली.

"जे करत असतील, ते विचारायला शिकव."