बाकाखाली शिरणारा शिपाई

जयनगर नुकतं वसत होतं, तेव्हाची गोष्ट. आमच्या बसथांब्यापलीकडचा खडक फोडायला सुरुंग लावत. थांब्यावरच्या बाकापाशी एक माजी शिपाई शेंगा विकत बसे. लढाईत तो ब्रह्मदेशात होता, एवढंच ठाऊक. नाव कोणी विचारलं नाही, सगळे त्याला अण्णा म्हणत. स्फोट झाला की तो बाकाखाली शिरे. थरथर थांबली की धूळ झटकत बाहेर येई आणि मला म्हणे, "बटण पडलं होतं, अक्का."

एकदा तिथे आमदार आले. लढाईवरून परतलेल्यांच्या मनावरही उपचार व्हावेत, असा कायदा त्यांना सभागृहात मांडायचा होता. त्यांनी अण्णाला विचारलं, "तुम्हाला काही त्रास होतो का?"

मला वाटलं, आता पुन्हा बटणच सांगेल. पण तो खाली बघत म्हणाला, "होतो. पाय गेला असता तर सरकारला दिसलं असतं. हे मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही."

"कायद्याला वेळ लागेल. तोवर काय करू?"

"सुरुंगाच्या स्वल्प आधी कोणीतरी सांगू दे. अचानक आवाज झाला की मी परत तिकडेच जातो."

त्या कायद्याचं पुढे काही कानावर आलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून खडी फोडणारी एक बाई सुरुंगाआधी धावत येऊ लागली. "अण्णा, आता उडवतात. सरी? ठीक आहे ना?" तो बाक घट्ट धरून मान हलवी. आवाज विरेपर्यंत ती त्याच्याशेजारी उभी राही.

आता तिथे घरंच घरं आहेत. मला अजून तिचं ते धावत येणं दिसतं.