डोये मीट, मंग सांग

“डोये मीट. हात समोर कर. आता सांग, काय हाय?”

पोराच्या तळहातावर एखादी बी ठेवून मावशी त्याची मूठ स्वतःच्या हातानं बंद करायची. पोरगं आयुर्वेद कॉलेजचं, वनस्पतींची लॅटिन नावं तोंडपाठ. पण मूठ मिटली की सगळी विद्या गुल. ते माझ्याकडे पाहून पुटपुटायचं, “मॅडम, बेहडा?”

मावशी खेकसायची, “म्याडमकडं काहून पायतं बावा? त्याइले बी नाई समजत.”

खोटं नव्हतं ते. मी अमरावतीला शिकवते, पण शेंदूरजनाघाटच्या वर, संत्र्याच्या बागा संपून डोंगर लागतो तिथं, माझी मास्तरीण ती. दर थंडीत आमची सहल तिथं जायची आणि गावात एकटी राहणारी ही म्हातारी आम्हाला जंगल दाखवायची. बेहड्याची लव, चारोळीचं टरफल, रिठ्याचा गोटा, सगळं तिच्या बोटांना पाठ होतं.

एकदा एका पोरानं कुंपणावरच्या मोगली एरंडाची बी तोंडात टाकली. चव शेंगदाण्यासारखी, नंतर उलट्यांनी जीव नकोसा होतो. मावशीनं त्याच्या तोंडात बोट घालून बी काढली आणि वर एक थापड दिली. “गोड लागलं म्हून गिळू नोको रे बैताडा!” मग स्वतःच्या फडक्यातली भाकर त्याला दिली. पोरगं रडत रडत खात होतं आणि आम्ही हसत होतो.

बिब्बा मात्र सहलीचा मुख्य खेळ. त्याचं काळं तेल कातडी जाळतं, हे मीच वर्गात शिकवते. पोरांना हातमोजे, खोबरेल तेल, सगळी काळजी. मावशी उघड्या हातानं दगडावर बिब्बा फोडायची आणि आतली पांढरी गोडंबी अख्खी काढून दाखवायची.

“मावशी, मोजे घाला ना.”

“मोजे घालून दाना कसा समजन वो? फुटला त पोराइले काय दाखवू?”

पोरं व्हिडिओ काढायची. टाळ्या वाजायच्या, मीही वाजवायचे. तिची बोटं दरवर्षी काळी आणि गुळगुळीत होत गेलेली मला दिसत होती. सांगायला लाज वाटते, पण मला ते फार कौतुकाचं वाटायचं.

गेल्याच्या गेल्या थंडीत तिनं मला बाजूला घेतलं. “म्याडम, रेशनची मशीन म्हन्ते, मी मी नाईच.” आणि हसली. अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. मशीनवर डोळ्यांवरून ओळख पटवायची तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पोरांना डोळे मिटायला लावणारी ही बाई स्वतः किती वर्षं बोटांनीच पाहत होती, ते मला तेव्हा कळलं. दोन महिन्यांचं धान्य बंद होतं. तहसीलमधला बाबू म्हणाला होता, कोणी शिकल्या-सवरल्या माणसानं पत्र आणावं आणि समोर येऊन सांगावं.

“तुमी सांगा ना, हे तेच बाई हाय म्हून. तुमी त ओयखता मले.”

“येते मावशी. सोमवारी नक्की येते.”

सोमवारी कॉलेजात तपासणी निघाली. मी समितीला आमचं बियांचं कपाट दाखवलं. एकेक बरणी, एकेक चिठ्ठी, सगळी ओळख तिनं पटवलेली. साहेब म्हणाले, संग्रह उत्तम आहे. मी मान लववून धन्यवाद म्हटलं, तिचं नाव काही घेतलं नाही. पुढच्या सोमवारी परीक्षा. मग घरातलं लग्न. शेजारच्या फोनवरून तिचे दोन फोन आले. दुसरा मी उचलला नाही. कामात नव्हते, काय बोलायचं ते सुचेना म्हणून.

शेवटी शिक्का मारलेलं पत्र घेऊन गेले तेव्हा उन्हाळा लागला होता. दाराला कडी. शेजारी राहणारी पुतणसून बाहेर आली.

“लय वाट पायली तुमची. आमी भाकर देत होतो, पन घेये नाई. माह्या हातच्या कमाईचं खाईन म्हने. व्यापाऱ्याचे बिब्बे फोडाले जाये दिवसभर. बिब्बा तोंडावर उतला, डोये सुजले, ताप भरला. गेली मंग.”

मी शिक्का मारलेलं पत्र पर्समध्ये परत ठेवलं. उगाचच विचारलं, “आणि रेशनचं?”

“नाव काटलं ना. ह्याईनं मेल्याचा एक कागद नेऊन देल्ला, त्याच दिवशी झालं.”

“अंगठा मागितला नाही?”

“मेलेल्या मानसाचा कायचा अंगठा वो म्याडम?”

मेलेली बाई तीच कशावरून, असंही कुणी विचारलं नव्हतं.