मैनेचं आडनाव

काशीला माणसं मरायला येतात आणि मैना अंडी घालायला. आमच्या आतोबांचं सख्य आयुष्यभर या दुसऱ्या मंडळींशीच राहिलं. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. त्यांच्या काही पिढ्या मंगला गौरीच्या गल्लीतच गेल्या होत्या आणि ते स्वतः संस्कृतचे मास्तर म्हणून निवृत्त झाले होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बँकेने माझी बदली बनारसला केली आणि मी त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी खिडकीच्या गजावर एक पाखरू येऊन बसलं आणि मी कौतुकाने म्हणालो, "वा, मैना!" आतोबांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. "नुसती मैना? तुला कोणी 'ए माणसा' म्हणून हाक मारली तर चालेल? आडनाव सांग."

तेव्हापासून माझी शिकवणी सुरू झाली. तपकिरी, पिवळ्या डोळ्यांची, कुणाच्याही अंगणात हक्काने शिरणारी ती साळुंकी. डोक्यावर काळे केस चापूनचोपून बसवलेली ती भांगपाडी. आमचे ब्रँच मॅनेजर आतोबांच्या लेखी भांगपाडीच होते. काळी-पांढरी अबलख मैना झाडावर काड्या आणि चिंध्यांचा ढीग रचते आणि त्यालाच घर म्हणते. हे सांगताना आतोबा मुद्दाम माळ्याकडे बघायचे. "वर तुमचीच पुस्तकं आहेत, माझं काही नाही," आत्या आतून म्हणायची, "आणि वरण ठंडं होतंय." काटेसावर फुलली की गुलाबी भोरड्या उतरायच्या. त्यांच्याबद्दल आतोबांचं मत फारसं बरं नव्हतं. "झुंडीने येतात, पोटभर खातात आणि जाताना पत्तासुद्धा ठेवत नाहीत. आपल्या नागपूरच्या मंडळींसारख्या." एकदा माझी धाकटी बहीण सुट्टीत आतोबांकडे आली होती, तेव्हा खरोखरच नागपूरची मंडळी तिला बघायला आली. मुलाच्या वडिलांनी खिडकीतून घाटाकडे बोट दाखवून "साळुंक्या फार दिसतात इकडे" असं म्हटलं आणि घात झाला. त्या गंगा मैना होत्या. पोहे संपेपर्यंत आतोबांनी त्यांना दोघींतला फरक समजावला, पण गृहस्थ काही मान्य करेनात. स्थळ मोडलं. "ज्याला साळुंकी आणि गंगा मैना वेगळी दिसत नाही," आतोबा शांतपणे म्हणाले, "त्याला सुनेचा चेहरा काय दिसणार?" बहीण मात्र पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

या साऱ्या गोतावळ्यात आतोबांचा जीव होता तो गंगा मैनेवर. राखाडी अंग, डोळ्याभोवती शेंदरी कातडी. ही बाई नदीच्या दरडीत बीळ करून राहते. पक्क्या घाटांवर दरड कुठून आणायची? मग दगड निखळून भिंतीत जी भोकं पडतात, त्यांत ती संसार थाटते. आतोबांच्या खिडकीसमोर, बालाजी घाटाच्या बाजूला, अशी एक जुनी भिंत होती. आत्या अंथरुणाला खिळली तेव्हा तिची खाट त्यांनी त्या खिडकीपाशी ओढली. भिंतीतलं एक जोडपं दिवसभर ये-जा करायचं आणि आत्या त्यांचा हिशेब आतोबांना सांगायची. कोण आलं, चोचीत काय आणलं, कोणाला उशीर झाला. ती गेली तेव्हाही त्या भोकात पिल्लं ओरडत होती. त्यानंतर आतोबा रोज सकाळी खिडकीत उभे राहून तेच सगळं मोठ्याने बोलायचे. खाट रिकामीच होती. मला तिथे उभं राहवत नसे.

पुढल्या उन्हाळ्यात भिंतीची डागडुजी निघाली. भोकात पुन्हा पिल्लं होती. आतोबा चप्पल न घालताच खाली धावले आणि त्यांनी मिस्त्रीला पावसाळ्यापर्यंत थांबायची विनवणी केली. मिस्त्री भला माणूस होता. "मास्टर साहब, ठेकेदार कहले हौ, एक्को छेद नाहीं छूटे के चाही," तो म्हणाला. ठेकेदाराला एकही भोक उरलेलं नको होतं आणि काम उद्यावर आलं होतं. "काशीत दगड शेंदरात बुडाला की त्याचा देव होतो" म्हणून जन्मभर थट्टा करणाऱ्या माझ्या आतोबांनी संध्याकाळी आत्याच्या देव्हाऱ्यातली शेंदराची डबी काढली, भोकाभोवती शेंदूर फासला आणि वर झेंडूची माळ लटकवली. सकाळी मिस्त्री आला, थबकला, चपला काढून त्याने हात जोडले आणि तेवढा तुकडा सोडून बाकीची भिंत लिंपून गेला. त्या दिवशी आतोबांनी मला जिलबी खायला घातली. आत्या गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पण काशीच ती. पंचगंगा घाटावर स्नान करून परतणाऱ्या बायका दोन दिवसांत तिथे थांबू लागल्या. कोणी उदबत्ती खोचली, कोणी कापूर लावला, कोणी लोटाभर गंगाजल थेट भोकात ओतलं. मग कुणा भाविकाने घंटा टांगली. गंगा मैना चोचीत किडे घेऊन वर घिरट्या घालायच्या. धुरामुळे आणि माणसांमुळे त्यांना आत शिरता येईना. आतोबा खाली जाऊन ओरडले, "अरे, ये देवता नहीं है, किसी का घर है!" एका म्हातारीने त्यांना प्रेमाने समजावलं, "त का भयल? देवी क घर हौ." शेंदूर आपणच फासला, एवढं सांगितलं असतं तर गर्दी पांगली असती, पण मग मिस्त्री घमेलं घेऊन परत आला असता. पहाटे अंधारात जाऊन आतोबा उदबत्त्या काढून ठेवत, आणि उजाडलं की नव्या लागत. एका सकाळी आतला पिल्लांचा आवाज थांबला. ते मोठं जोडपं दिवसभर घंटेवर बसून राहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून दिसलं नाही. "तिने एवढा हिशेब ठेवला होता," आतोबा म्हणाले, "आणि मी तिच्याच शेंदराने..."

त्यानंतर त्यांनी शिकवणी बंद केली. खिडकीही बहुतेक लावलेलीच असे. माझी बदली झाली आणि मी निरोप घ्यायला गेलो, तेव्हा चैत्र नुकताच लागला होता. खालून घंटेचा आवाज येत होता. आतोबा खिडकी किलकिली करून उभे होते. माझी चाहूल लागताच त्यांनी ती हळूच ओढून घेतली.

"काय बघत होता?" मी विचारलं.

"काही नाही. आली होती एक. भोकात डोकावली आणि गेली."

"कोण?"

"मैना," आतोबा म्हणाले. नुसतंच मैना. मग ते माझ्यासाठी चहा टाकायला आत गेले.