रोहिणखेडची अमेरिकावाली

फोन दुपारी आला. मी बुलढाण्याच्या घरी खिडकीशी जलरंगांची पेटी उघडून बसलो होतो. निवृत्तीनंतर माझी ही वेळ ठरलेलीच. पलीकडून रुखसार बोलत होती, यासीनची मुलगी. "मास्तरकाका..." एवढंच म्हणून ती थांबली. मग म्हणाली, "अब्बा जोहरची नमाज पढून खाटेवर आडवे झाले, ते उठलेच नाहीत." मी रंगांची पेटी मिटली. मिळाली त्या बसनं निघालो. राजूर घाटात सागाची पानं गळून सगळं रान उघडं झालं होतं, आणि बस वळणावळणानं सावकाश खाली उतरत होती. ही उतरण संपूच नये असं मला वाटत होतं. जोवर घाट आहे, तोवर ती बातमी माझ्यापर्यंत पुरती पोचलेली नाही... असलं काहीतरी मनाशी चाललं होतं. संध्याकाळी त्याला माती देऊन आम्ही परतलो. या गोष्टीला आता सहा-सात आठवडे झाले.

यासीन माझा शाळेतला मित्र. रोहिणखेडच्या शाळेत सातवीपर्यंत आम्ही एका पट्टीवर बसलो. पुढं मी चित्रकला शिकून मोताळ्याच्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर झालो आणि तो डेंटर, म्हणजे ठोकरलेल्या गाड्यांचे चेपलेले पत्रे हातोडीनं सरळ करणारा. मोताळ्याच्या रस्त्यावर फाट्याजवळ त्याचं पत्र्याचं शेड होतं. दुसरे डेंटर खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारायचे. यासीनला ते खपत नसे. "पत्रा पत्र्यानंच सरळ झाला पाह्यजे," म्हणायचा. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात पत्र्याच्या मागं धरायचा लोखंडी ठोकळा, आणि नजर मात्र दूर कुठंतरी. कामाकडं तो बघतच नसे. मधूनमधून हातोडी ठेवायचा आणि पत्र्यावरून तळवा फिरवायचा, झोपलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा त्याच्या तळव्याला कळायचा.

लग्नानंतर काही वर्षं तो शारजाला एका गॅरेजमध्ये होता. तिथं एकदा एका शेखची गाडी आली. साठच्या दशकातली अमेरिकन, दोन दारांची, लांबलचक नाकाची. इंजिन सुरू केलं की जमीन हलावी इतकं दांडगं. तिकडं असल्या गाड्यांना मसल कार म्हणतात. तिची डावी बाजू पार चेपली होती. ती सरळ करायला यासीनला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत त्यानं ती गाडी चालवली नाही, तिच्यात बसलाही नाही. फक्त हात फिरवला. बाराव्या दिवशी मालक तिला घेऊन गेला. यासीन परत आला, दोन मुलं झाली, शेड उभं राहिलं, दाढीत पांढरे केस आले. आणि मग एका दिवाळीच्या सुट्टीत तो माझ्या मोताळ्याच्या घरी येऊन म्हणाला, "मास्तर, ते गाडी अजून माह्या हातात हाय बे. बाहेर काढून घे."

मला आधी कळेचना. मग त्यानंच सांगितलं. त्याला ती गाडी पत्र्यात घडवायची होती, पण आधी तिचा नकाशा हवा होता, तोही खऱ्या मापाचा. फोनवर फोटो हजार होते. त्यानं ते पाहिले आणि बाजूला ठेवले. "फोटोत गाडी दिसते, तिची गोलाई नाही दिसत." शाळेला सुट्टी होती. हेडमास्तरांना विचारून मी मोठ्या हॉलची किल्ली आणली. बाकं भिंतीला लावली, फरशी पुसली आणि खडूची पेटी घेऊन गुडघ्यांवर बसलो. यासीन अनवाणी उभा राहिला, डोळे मिटले आणि हवेत हात फिरवू लागला. "इथून उचलते... सावकाश... हां, अजून नाही... आता खाली. थांब. इथं तिचा खांदा." त्याचा तळवा हवेतून जायचा आणि त्याच्या मागोमाग खाली फरशीवर माझा खडू. जाळीच्या खिडक्यांतून ऊन आत येऊन सरकत होतं. तीन दिवस आम्ही हेच करत होतो. चौथ्या दिवशी सकाळी मी हॉलचं दार उघडलं आणि दारातच थांबलो. फरशीवर पांढरी, लांब, झोपेत असल्यासारखी एक गाडी पसरली होती. मी चित्रं काढण्यात जन्म घालवला, पण माझ्या हातून तसं चित्र पुन्हा झालं नाही. आणि ते माझं होतं असंही मला म्हणवत नाही.

पुढं सात वर्षं गेली. मलकापूरच्या भंगारवाल्याकडून एका जुन्या डिझेल गाडीची चेसी आणि इंजिन आलं. रोजचं गिऱ्हाइकाचं काम आटोपलं की यासीन शेडच्या मागच्या कोपऱ्यात जायचा. चाकांवरच्या कमानी, दारं, मागचा उतार... एकेक भाग तसा वर्षभर ठोकून तयार व्हायचा. रंग आम्ही मिळून ठरवला, पावसाळ्यातल्या कडुनिंबाचा गडद हिरवा. गावात ती 'अमेरिकावाली' झाली. बाजाराला निघालेली माणसं शेडात डोकावून विचारायची, "कुठवर आली अमेरिकावाली?" यासीनच्या पत्नी शमीमभाभी म्हणायच्या, "मास्तरभाऊ, घरात येते तवाबी तिथंच असते ते माणूस. जेवताना ताटावरून हात फिरवून राह्यले काल." आणि हसायच्या. पण त्यांनी त्याला कधी अडवलं नाही, हेही सांगायला हवं.

काम पुरं झालं तेव्हा यासीननं डॅशबोर्डच्या खाली एक छोटी पितळी पट्टी बसवली. अक्षरं माझ्या हातची: 'यासीन डेंटर, रोहिणखेड'. त्याच सुमारास रस्ता चौपदरी व्हायचं ठरलं आणि फाट्यावरची शेडं हटवायच्या नोटिसा आल्या. दोन महिन्यांची मुदत होती. घरामागच्या अंगणात हत्यारं ठेवता आली असती. गाडी मावण्यासारखी नव्हती. कागदपत्रं जुन्या डिझेल गाडीची, रूप भलतंच; ती रस्त्यावर चालवायला परवानगी मिळणार नव्हती. विकायची, नाहीतर कापून भंगारात द्यायची.

तेव्हा पुण्याहून एक गृहस्थ आले. माणूस गोड बोलणारा आणि जाणकार. त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं. मग म्हणाले, इंजिन ते बदलून घेतील, कागदांचंही ते पाहतील. फक्त ती पितळी पट्टी काढायची आणि तिच्या जागी अमेरिकेतल्या कारखान्याची असते तशी पट्टी लावायची. ती अक्षरं कोरून द्याल का, म्हणून त्यांनी मलाच विचारलं. त्यांनी सांगितलेल्या आकड्याएवढा पैसा आम्ही दोघांनी कधी एकत्र पाहिला नव्हता. ही गाडी पुढं कुणाला तरी अस्सल म्हणून विकली जाणार, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं.

यासीन म्हणाला, "विचार करून सांगतो." ते गेल्यावर मी त्याला समजावायला लागलो. आज हे लिहिताना हात अडतो, पण लिहिलं पाहिजे. मी म्हणालो, शेड जाणार आहे, पुन्हा असं गिऱ्हाईक येणार नाही, आपण कुठं कुणाला फसवतोय, फसवणारा तो. तो ऐकत राहिला. शेवटी मी म्हणालो, "यासीन, शेवटी नक्कलच तर आहे ही. तिच्यावर नाव कोणाचं, याचा एवढा काय विचार?"

त्यानं हातातली हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "तिकडं अमेरिकेत कोणीतरी ठोकून बनवली असन ते पहिली गाडी. त्याचं नाव मले मालूम नाही. पण त्याचं काम मी माह्या नावावर नाही घेतलं, मास्तर. मंग माहं काम त्याच्या नावावर काऊन टाकू?"

पुण्याला त्यानं नकार कळवला. आणि माझ्याशी बोलणं थांबवलं. भांडण नाही, आवाज नाही. मी शेडावर गेलो की चहा यायचा, तो कामात असायचा, आणि चहा संपला की मी उठायचो. मुदतीचे दिवस सरत होते. फाट्यावरची चहाची टपरी हलली, पंक्चरवाला हलला. तुटक्या भिंतींच्या रांगेत यासीनचं शेड एकटं राहिलं आणि त्यात ती हिरवी गाडी. कापायचं गॅस कटर कोपऱ्यात येऊन पडलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तरी मला 'चुकलो' म्हणता आलं नाही.

थंडीतल्या एका सकाळी माझ्या दारात खालच्या आवाजात घरघर ऐकू आली. बाहेर आलो तर धुक्यात अमेरिकावाली उभी. यासीन आत बसलेला, डोक्याला मफलर. "चाल, बस," म्हणाला. "खामगावचा एक लॉनवाला उद्या घेऊन जाते हिले. लग्नात नवरा-नवरीले फाटकापासून मांडवापर्यंत न्यायले. मी त्याले इचारलं, लोकाइनं पुसलं त काय सांगसान? तो म्हणे, रोहिणखेडची हाय म्हणून सांगीन. दिली मंग."

नव्या रस्त्याचा एक तुकडा तयार होता, पण वाहतूक अजून सुरू व्हायची होती. यासीननं गाडी त्यावर घातली. ते काही मैल मी अजून अधूनमधून स्वप्नात जातो. दोन्ही बाजूंना धुकं, धुक्यात फुटलेला कापूस, आणि कापूस कुठं संपतो नि धुकं कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. पुढं आमच्या गाडीचं लांब हिरवं नाक, त्यावर दंवाचे थेंब मागं मागं सरकत होते. डिझेल इंजिन आपला ट्रॅक्टरसारखा आवाज करत होतं. पण थोड्या वेळानं तोही ऐकू येईनासा झाला. रस्त्यावर माणूस नाही, पाटी नाही, पांढरे पट्टेसुद्धा अजून ओढलेले नाहीत. आपण कुठल्या देशात आहोत ते विसरायला व्हावं अशी ती सकाळ होती. यासीनचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा खिडकीतून बाहेर, दाराच्या पत्र्यावर टेकलेला.

एका नाल्यापाशी रस्ता संपला. पूल अर्धाच झाला होता, सळया वर आलेल्या. त्यानं इंजिन बंद केलं. कुठंतरी तितर ओरडत होते. मी म्हणालो, "यासीन, मी तिला नक्कल म्हणालो. चुकलं माझं."

"नक्कलच हाय बे," तो म्हणाला. "नक्कलले नक्कल म्हनाची कायची लाज? तिले असली म्हनलं असतं, त मले लाज वाटली असती." मग माझ्या मांडीवर थाप मारली. "तू पट्टी कोरून देतो म्हनला असता ना, त मंग बोललोच नसतो तुह्याशी जिंदगीभर."

वळवायला जागा नव्हती. खिडकीतून मान बाहेर काढून त्यानं ती गाडी सबंध तुकडाभर मागं आणली, आणि सगळ्या वाटेवर आम्ही दोघं शाळेतल्यासारखे हसत होतो.

दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढून अमेरिकावाली खामगावला गेली. शेड पाडलं. त्यानंतर एकदा लॉनवाल्यानं यासीनला एका लग्नाला बोलावलं. परत आला तो काळजीत. "नवरी बसली तिच्यात. चांगली दिसली. पन तिचा शालू दारात अटकला, मास्तर. फट जराशी जास्त राह्यली." दुसऱ्या दिवशी हातोडी पिशवीत घालून, एसटीनं खामगावला जाऊन, त्यानं ते दार नीट करून दिलं. पैसे विचारले नाहीत आणि घेतलेही नाहीत.

मागच्या आठवड्यात त्याचा चाळिसावा झाला. फातेहा पढून झाली, माणसं जेवली, पांगली. मी मागच्या अंगणात गेलो. तिथं चार विटांच्या थरांवर एक लांबरुंद पत्रा ठेवलेला होता आणि त्यावर वर्षाच्या लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. बघता बघता लक्षात आलं, हा साधा पत्रा नाही. मधून तो किंचित उचललेला, कडांना अलगद उतरत गेलेला. शमीमभाभी माझ्या मागं येऊन उभ्या होत्या.

"पहिलं बॉनेट हाय हे," त्या म्हणाल्या. "तुमाले नाही दाखोलं त्याइनं. सहा महिने ठोकलं, मंग एक दिवस हात फिरोला आन म्हने, वाकडं झालं. दुसरं कराले बसले." वाकून त्यांनी दोन्ही हातांनी मिरच्या दोन बाजूंना सारल्या. मोकळ्या झालेल्या जागेवरून उन्हाची एक रेघ पत्र्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंही न मोडता गेली.

"मी रोज पायते, मास्तरभाऊ," त्या म्हणाल्या. "मले त कुठंच वाकडं दिसत नाही."