टिकली लावलेली डिस्क

बटण दाबलं की आमचा कॉम्प्युटर आधी घरघर करायचा, मग खोकायचा आणि मग कुठे जागा व्हायचा. तोवर बायको चहा टाकून यायची. आतल्या डिस्कची घरघर ओट्यापर्यंत ऐकू गेली की बाबा काठी टेकत आत येत. कॉम्प्युटरशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. घरघर म्हणजे चहा, एवढंच त्यांनी शिकून घेतलं होतं.

डोणगावच्या अलीकडे आमचं गाव. गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटीची बोंडं आतून पोखरली, त्या वर्षांत घराला खरा टेकू होता तो याच मशीनचा, म्हणजे बायकोचा. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं ती घरीच करून द्यायची. लोक पेनड्राइव्हमध्ये फोटोंबरोबर व्हायरसही घेऊन येत, म्हणून माझ्या चुलतभावानं मशीनवरचं विंडोज काढून लिनक्स टाकून दिलं आणि तो पुण्याला निघून गेला. मराठी टायपिंग, हट्टी प्रिंटरशी समझोता, हे सगळं तिनं एकटीनं जमवलं. माझ्याकडे धूळ पुसायचं काम होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमच्याकडं लिनक्स हाये" असं ऐटीत सांगायचं.

ऐन लग्नसराईत ती डिस्क घरघर सोडून टकटक करू लागली, पत्र्यावर कोंबडी दाणे टिपते तशी. बायकोचा चेहराच उतरला. डोणगावच्या बांगडीवाल्या चाचांच्या मुलीची पत्रिका अर्धी झाली होती आणि उद्या दुपारी ते न्यायला येणार होते.

"नवी डिस्क आणतो अन् यातलं सगळं तिच्यात उतरवून देतो," मी म्हणालो.

"जसंच्या तसं पाहिजे मले. तो प्रिंटर कसा चालू केला ते माझं मले माहीत. ते गेलं तं मी पुन्हा शिकत नाही. दारावरची पाटीच उतरवून ठेवीन."

"अवं, क्लोन म्हणतात त्याले. हुबेहूब."

"मागं मिक्सरही हुबेहूबच जोडला होता तुमी."

मेहकरहून नवी डिस्क घेऊन आलो, आत काही न फिरणारी, काडेपेटीसारखी हलकी. दोन्ही शेजारी ठेवल्या तशी बायकोनं कपाळाची टिकली काढून जुनीला लावली. "उलटं करू नका म्हंजे झालं. रिकामीतलं भरलेलीत ओतान, तं दोन्ही रिकाम्या."

सकाळी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. पडद्यावर जुन्या डिस्कचे दोन भाग दिसले. एक भलामोठा, त्यात बायकोचं सगळं. दुसरा चिंचोक्याएवढा, कशासाठी ते मला कळेना. अडगळ समजून तो सोडला आणि मोठा तेवढा नव्या डिस्कवर उतरवला. मग टिकलीवाली काढून ठेवली, नवी बसवली आणि बटण दाबलं.

काळा पडदा. वर एक पांढरी ओळ, तिचा अर्थ असा की चालू करण्यासारखं इथं काही नाही.

तोवर चाचा येऊन ओट्यावर बाबांजवळ बसले होते. "हो गया क्या, बेटी?" त्यांनी विचारलं. बायकोनं नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

बाबाच आत आले. "काय बे, घरघर नाही, चहा नाही. काय करून ठेवलं?"

मी सांगितलं. मोठा भाग घेतला, लहान सोडला. आता कळलं की मशीनला उठवायचं काम त्या लहानाचंच होतं.

"म्हंजे पुडी फेकली तू," बाबा म्हणाले.

बाहेरून चाचा हसले. "पुडी तो सबनेच फेकी, दादा!"

खरंच होतं. बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटात बिनबीटीची एक लहान पुडी यायची. ती शेताच्या कडेनं पेरायची, म्हणजे अळीला तिथं साधं खायला मिळतं आणि बीटी पचवायची सवय तिला लवकर लागत नाही. पण अळीसाठी म्हणून ओळी पेरायच्या हे कुणाच्या गळी उतरलं नाही. पाकीट फोडलं की आमच्याकडेही पुडी गोठ्याच्या कोनाड्यात जाऊन पडायची. "अजूनही असतील तिथं," बाबा म्हणाले, "उंदरानं ठेवल्या असल्या तं."

"मामाजी, त्यायले आधी हे करू द्या," बायको म्हणाली.

टिकलीवाली पुन्हा जोडली. या खेपेला निवड नाही. पहिल्या कणापासून शेवटच्यापर्यंत अख्खी डिस्क. टकटक वाढली. मध्येच एकदा पार थांबली, तेव्हा बायकोनं कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला, आजारी गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. मग पुन्हा टकटक. ओट्यावर दोघं म्हातारे औंदाच्या पऱ्हाटीबद्दल बोलत होते. चाचा उठायचं नाव काढीनात. "पत्रिका लेकेच जाऊंगा."

ऊन कलल्यावर काम संपलं. नवी बसवली, बटण दाबलं आणि मी डोळे मिटून घेतले.

"उघडा," बायको म्हणाली.

सगळं होतं. वाकडीतिकडी मांडलेली चित्रं, तिचा प्रिंटर, आणि पत्रिका नवरीच्या नावाशी थांबलेली. तिनं नाव पूर्ण केलं. प्रिंटर एकदा अडला, त्याच्या नेहमीच्या जागी अडला, आणि त्यानं कागद सोडला. चाचांनी तो उन्हात धरून दोनदा वाचला आणि घडी न घालता नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बटण दाबलं, चहा टाकायला वळली, तर दूध गरम व्हायच्या आत मशीन तयार. आवाज नाही, काही नाही. बाबा ओट्यावरच बसून राहिले.

"सगळं उतरवलं तुमी," ती मला म्हणाली, "चहापुरता वेळ तेवढा राहून गेला."

तेव्हापासून आमच्याकडे आधी चहा होतो, मग मशीन. आणि कप भरले की ती कपाटावरची टिकलीवाली डिस्क उचलून दाराच्या चौकटीवर टकटक वाजवते. बाबा येतात.